मजूरमंत्री बाबासाहेब आणि आपण साऱ्याजणी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला तेव्हा मीही आधी शाळेच्या आठवणीच लिहायला बसले होते. मग वाटलं, मैदान, प्रार्थना, सहलीची बस आणि पावसात पाण्याखाली गेलेला मुर्ध्याचा रस्ता यांवर आपल्यातल्या चारपाच जणांनी तरी लिहिलेलं असणार. म्हणून विषय बदलला.

विषय सुचला तो आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर. गेल्या १४ एप्रिलला कुणीतरी एक मेसेज पुढे पाठवला होता. नोकरी करणाऱ्या बायकांना प्रसूती रजा बाबासाहेबांनी दिली, कामाचे चौदा तास होते ते आठ केले, समान पगार दिला, असं त्यात होतं. पाठोपाठ हात जोडलेल्या पन्नास इमोजी आल्या. आपल्या एका सरांनी मात्र खाली विचारलं, की हे कुणी तपासून पाहिलं आहे का. कुणीच उत्तर दिलं नाही. मी माझ्या पहिल्या बाळंतपणात हीच रजा घेतली होती, तरी मलाही उत्तर माहीत नव्हतं. शाळेत आपण चवदार तळं शिकलो, राज्यघटना शिकलो. बाबासाहेब मजूरमंत्री होते हे एका ओळीत होतं आणि ती ओळ परीक्षेत रिकाम्या जागा भरण्यापुरतीच कामाला आली.

सर, उत्तर द्यायला उशीर झाला. गृहपाठ आता देते आहे.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे झाला. वडील रामजी सैन्यात सुभेदार, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. भीमराव पाच वर्षांचे असताना, १८९६ मध्ये, आई भीमाबाई गेल्या. पाठीने अधू असलेल्या आत्या, मीराबाई, यांनी पोरक्या भावंडांना सांभाळलं. पुढे मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत हे कुटुंब राहायला आलं. मुलाला पुस्तक हवं असलं की रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जायचे, तिचा दागिना मागून आणायचे, तो गहाण टाकायचे आणि पुस्तक घेऊन घरी यायचे. पेन्शन आली की दागिना सोडवून परत द्यायचे. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले त्यामागे असा एक दागिनाही होता.

त्यांच्या पत्नी रमाबाई या दापोलीजवळच्या वणंद गावच्या. रमाबाईंचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. उत्तन-डोंगरीकडच्या आपल्या मित्रमैत्रिणींना हे काम काय असतं ते सांगायला नको. रमाबाई लहान असतानाच आईवडील वारले आणि त्या मामा-काकांबरोबर मुंबईला भायखळ्यात आल्या. लग्न झालं ते भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर मोकळ्या झालेल्या ओट्यांवर.

१९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथून लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. बडोद्यात नोकरी धरली, पण जातीमुळे राहायला खोली मिळेना. ती सोडून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२३ मध्ये ते डी. एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन आले. हा पराक्रम आपण सगळ्यांनी पाठ केलेला आहे. त्या वर्षांत परळच्या घरात काय चाललं होतं, ते पाठ्यपुस्तकात नव्हतं. रमाबाई गोवऱ्या थापून विकत होत्या. पाच मुलं झाली, त्यांतली चार दगावली. एकटे यशवंत जगले. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलै महिन्यात गेला.

त्याच वर्षाच्या अखेरीस बाबासाहेबांची मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर नेमणूक झाली. १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला, डिसेंबरच्या परिषदेला बायकाही मोठ्या संख्येने आल्या होत्या आणि बाबासाहेबांनी त्यांच्याशी वेगळा संवाद साधला. आणि १९२८ च्या जुलैमध्ये कायदेमंडळापुढे एक विधेयक आलं. गिरणीत, कारखान्यात काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या काळात सुट्टी मिळावी आणि त्या सुट्टीत पैसेही मिळावेत, असं ते विधेयक होतं.

इथे मेसेजमधली पहिली दुरुस्ती. हे विधेयक बाबासाहेबांनी मांडलेलं नव्हतं. ते आसवले यांनी मांडलं होतं. त्याच्याही आधी, १९२४ मध्ये, ना. म. जोशी यांनी दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात असं विधेयक आणलं होतं आणि ते नामंजूर झालं होतं. जोशी आपल्या कोकणातले, रायगडमधल्या गोरेगावचे. लोअर परळला आपण अजून डिलाईल रोड म्हणतो, त्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. रोज त्या रस्त्यावरून ऑफिसला जाणाऱ्या आपल्या दोन वर्गमैत्रिणींना मी विचारून पाहिलं. हे जोशी कोण, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. मलाही हा लेख लिहीपर्यंत नव्हतं.

मग बाबासाहेबांनी काय केलं? त्यांनी विधेयकाच्या बाजूने भाषण केलं आणि माझ्या मते त्या भाषणातला एक मुद्दा आजही आपल्या पगाराच्या चिठ्ठीशी जोडलेला आहे. विरोधकांचा आक्षेप साधा होता. खर्च मालकाच्या गळ्यात का? बाबासाहेबांनी तो आक्षेप उडवून लावला नाही. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, तेव्हा त्या खर्चाचा मोठा वाटा खरं तर सरकारनेच उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केलं. पण सरकार तो उचलत नाही तोवर मालक मोकळा सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. काही कामांवर मालक बायकाच ठेवतो, कारण त्यात त्याला जास्त फायदा दिसतो. फायदा घेणाऱ्याने खर्चाचा भागही घ्यावा, हा त्यांचा हिशेब होता. हा माणूस अर्थशास्त्राचा डॉक्टर होता, हे असं वाचताना जाणवतं. बाईवर दया करा, असं ते म्हणत नव्हते. खर्च तर होणारच आहे, तो कुणाच्या नावे टाकायचा ते ठरवा, एवढंच ते मागत होते. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या घरातलं चौथं मूल गमावलेला बाप तिथे उभा होता. भाषणात घरचा उल्लेख करायची त्यांना गरज वाटली नाही.

१९२९ मध्ये मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला तो पहिला. मध्य प्रांताने १९३० मध्ये आणि मद्रासने त्यानंतर आपापले कायदे केले.

पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. विसाच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांपैकी साधारण पाचवा भाग बायकांचा होता. त्या प्रामुख्याने सूत गुंडाळण्याच्या आणि रिळांच्या खात्यात असत. नंतर हे प्रमाण घसरत गेलं. नवी यंत्रं आली, एका कामगारावर जास्त काम टाकण्याची पद्धत आली. गिरण्या रात्रपाळीत चालू लागल्या आणि रात्री बायकांना कामावर ठेवायला कायद्याची बंदी होती. पाळी बदलून घेता येत नाही, वर बाळंतपणाचा खर्च आहे, मग बाई ठेवायचीच कशाला, असा मालकांचा विचार झाला. बाईच्या भल्यासाठी केलेले दोन कायदे मालकाच्या वहीत तिच्या नावापुढे खर्च म्हणून लिहिले गेले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सरकारचा वाटा मागितला होता. तो आला असता तर ही नोंद वेगळी झाली असती, असं मला वाटतं.

मधल्या काळातलं बाबासाहेबांचं राजकारण आपल्याला माहीत आहे. गोलमेज परिषदा, पुणे करार, येवल्याची घोषणा. कामगारांच्या बाजूने त्यांनी जे केलं ते कमी सांगितलं जातं. १९३५ मध्ये मुंबईच्या सफाई कामगारांसाठी म्युनिसिपल कामगार संघ काढला. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३८ मध्ये कोकणातल्या खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा कायदेमंडळावर नेला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपावर निर्बंध आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत मोठा संप घडवला. या सगळ्यात २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. दादरचं राजगृह उभं राहून फार दिवस झाले नव्हते.

१९४२ चा जुलै महिना मला या चरित्रातला सगळ्यात महत्त्वाचा महिना वाटतो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद म्हणून बाबासाहेबांची नेमणूक जाहीर झाली होती. आजच्या भाषेत केंद्रीय कामगारमंत्री. कामाला लागण्याआधी ते नागपूरला गेले. तिथे २० जुलैला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. या परिषदेने जे ठराव केले, त्यांत गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत राबणाऱ्या बायकांच्या मागण्या होत्या. वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, कामावर दुखापत झाली तर भरपाई, २० वर्षांच्या नोकरीनंतर महिना १५ रुपये पेन्शन, आणि गिरणीत जिथे बायका काम करतात तिथे देखरेखीला बाईच असावी. शेवटच्या मागणीकडे बघा. आज कंपन्यांमध्ये लैंगिक छळाविरुद्ध समित्या असतात, त्यांची प्रशिक्षणं होतात. चार अक्षरं शिकायची संधी न मिळालेल्या बायकांनी १९४२ मध्ये नेमकं दुखणं सांगितलं होतं. होऊ घातलेल्या मजूरमंत्र्यासमोर सांगितलं होतं.

पुढची चार वर्षं, म्हणजे १९४६ च्या मध्यापर्यंत, ते दिल्लीत हे खातं सांभाळत होते. त्या काळात सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय बैठका रूढ झाल्या. रेगे समितीने देशभरच्या कामगारांच्या स्थितीची पाहणी केली. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार केली. रोजगार विनिमय केंद्रं सुरू झाली. बारावीनंतर आपण ठाण्याला जाऊन रांगेत उभं राहून जे कार्ड काढलं होतं आणि ज्यावर कुणालाही कधी नोकरीचा कॉल आला नाही, त्याचं मूळ इथे आहे. इंजिनीअर मंडळींसाठी सांगते, याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीजही होती.

कामाच्या तासांबद्दल दुसरी दुरुस्ती. चौदाचे आठ झाले नाहीत. १९३४ च्या कायद्याप्रमाणे बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तासांची मर्यादा आधीच होती. बाबासाहेबांच्या खात्याने आणलेल्या विधेयकामुळे १९४६ मध्ये ती ४८ तासांवर आली. आठवड्याला सहा तास कमी. फॉरवर्डमध्ये हा आकडा फिका वाटेल. पाळीवरून घरी जाऊन चूल पेटवायची आहे अशा बाईला दिवसाचा एक तास म्हणजे काय, ते तिलाच विचारावं.

आता तो प्रसंग, जो मेसेजमध्ये कधीच येणार नाही आणि ज्याच्यामुळे मी हा लेख लिहायचं नक्की केलं.

कोळशाच्या खाणीत जमिनीखाली बायकांनी काम करायचं नाही, असा नियम १९२९ पासून टप्प्याटप्प्याने लागू होत होता आणि १९३७ मध्ये तो पूर्ण अमलात आला. तोवर बंगाल-बिहारच्या खाणींत नवरा कोळसा फोडायचा आणि बायको टोपलीत भरून वाहायची. बंदी आल्यावर घरातली एक मजुरी गेली. मग महायुद्ध आलं. मजूर जास्त पैशांच्या लष्करी कामांवर गेले आणि कोळसा कमी पडला. १९४३ मध्ये सरकारने बंदी उठवली. बायका पुन्हा खाली उतरल्या. खातं बाबासाहेबांचं होतं.

देशात गदारोळ झाला. अखिल भारतीय महिला परिषदेने निषेध केला. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी केंद्रीय विधिमंडळात यावर चर्चा झाली. स्त्रियांच्या प्रतिनिधी म्हणून आलेल्या रेणुका रे विरोधात बोलल्या. बाबासाहेबांनी निर्णयाचं समर्थन केलं. हा तात्पुरता आणीबाणीचा उपाय आहे, कुणावर सक्ती नाही, साडेपाच फुटांहून कमी उंचीच्या बोगद्यात बाईला काम देता येणार नाही आणि पुरुषाइतकीच मजुरी तिला मिळेल, असं त्यांनी सांगितलं. कामाला समान दाम, बाई असो की पुरुष, हे तत्त्व या देशात एखाद्या उद्योगात पहिल्यांदाच मान्य होत आहे, याकडे त्यांनी सभागृहाचं लक्ष वेधलं.

म्हणजे मेसेजमधली समान पगाराची ओळ पूर्ण खोटी नाही. पण ते तत्त्व आलं ते अशा एका निर्णयाच्या पोटी, ज्याने गर्भार बायकांनाही अंधाऱ्या खाणीची वाट मोकळी केली होती. त्यासाठी खाणीतल्या प्रसूती लाभाच्या कायद्यात त्यांच्या खात्याने दुरुस्त्या केल्या, खाणींवर पाळणाघरांची तजवीज केली आणि कोळसा कामगारांसाठी कल्याण निधी उभा केला. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब स्वतः झरियाच्या बाजूला गेले, सुमारे ४०० फूट खाली खाणीत उतरले, मजुरांच्या खोल्या पाहून आले. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. बायका पुन्हा वर आल्या.

मी या प्रसंगावर बरेच दिवस विचार केला. आधी वाटलं, इथे बाबासाहेब चुकले. रेणुका रे यांचं म्हणणं मला पटत होतं. मग खाणीतल्या बाईच्या जागी उभं राहून पाहिलं. १९३७ मध्ये तिच्या तब्येतीसाठी दार बंद झालं तेव्हा तिची मजुरी गेली आणि तिच्या बदल्यात काही मिळालं नाही. १९४३ मध्ये कोळशासाठी दार उघडलं. १९४६ मध्ये युद्ध संपलं, दार पुन्हा बंद. नऊ वर्षांत तीनदा तिचं पोट सरकारी राजपत्रावर अवलंबून राहिलं. दार उघडायचं की लावायचं, हे बाबासाहेबांच्या एकट्याच्या हातात नव्हतं. उघडलंच आहे तर समान मजुरी आणि पाळणाघर बरोबर असलं पाहिजे, एवढं त्यांनी पाहिलं. यावर आपल्यात दोन मतं होऊ शकतील. गेट-टुगेदरला जेवणानंतर वाद घालायला माझी तयारी आहे. त्या बंदीचं पुढे काय झालं, तेही सांगते. १९५२ च्या खाण कायद्यात ती राहिली आणि अटींसह शिथिल झाली ती थेट २०१९ मध्ये.

स्वातंत्र्यानंतर बाबासाहेब कायदामंत्री आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. सरकारी नोकरीत स्त्री म्हणून भेदभाव करता येणार नाही, हा मूलभूत हक्क १६ व्या अनुच्छेदात आला. समान कामाला समान वेतन ३९ व्या अनुच्छेदात आणि प्रसूतीविषयक साहाय्य ४२ व्या अनुच्छेदात आलं. मात्र हे दोन्ही मार्गदर्शक तत्त्वांत आहेत, त्यांच्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. पुढे त्यांचे कायदे व्हायला वेळ लागला. प्रसूती लाभाचा देशव्यापी कायदा १९६१ चा, समान वेतनाचा १९७६ चा. दोन्ही पाहायला बाबासाहेब नव्हते. किमान वेतनाचं विधेयक त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडलं होतं, त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. अडारकरांच्या योजनेतून राज्य विमा योजना, म्हणजे आपली ईएसआय, १९४८ च्या कायद्याने आली. हिंदू कोड बिलासाठी, म्हणजे बाईच्या वारसाहक्कासाठी आणि घटस्फोटाच्या हक्कासाठी, ते चार वर्षं झगडले आणि ते बारगळत आहे असं दिसल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. हे आपण शाळेत शिकलो होतो. पण ज्या बाईच्या हातात मिळकत नाही तिला नोकरी सोडायची की धरायची हेही ठरवता येत नाही, हा त्यातला धागा मला चाळिशीनंतर कळला.

एक गोष्ट मात्र लिहिताना टोचली. १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्या मुंबईतल्या एमबीबीएस डॉक्टर. विवाहानंतर सविता आंबेडकर म्हणून त्यांचं आयुष्य दिल्लीत बाबासाहेबांची मधुमेहाने पोखरलेली प्रकृती सांभाळण्यात गेलं. त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं रमाबाईंनी घर ओढलं होतं. मोठ्या माणसाच्या घरीही हा हिशेब असाच लिहिला गेला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. दर ६ डिसेंबरला दादर स्टेशनवर उतरणारी गर्दी आपण लोकलमधून पाहतो.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण हा गृहपाठ मी त्यासाठीच केला.

मला मुलगा झाला तेव्हा रजा होती १२ आठवडे. ८४ दिवस. ८५ व्या दिवशी मी लॉगिन केलं. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये माझं रेटिंग एक पायरी खाली आलं. कारण विचारलं तर पूर्ण वर्षाचं काम दिसत नाही, असं उत्तर मिळालं. २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झालं. तोवर मी स्वतः मुलाखती घेणाऱ्यांत गेले होते. एका मुलाखतीनंतर आम्ही तिघं खोलीत बसलो होतो. मुलगी हुशार होती, कोड सुंदर लिहिला होता. एकाने तिच्या बोटातल्या नव्या अंगठीचा विषय काढला आणि पुढच्या वर्षी सहा महिने जातील, असा अंदाज सांगितला. जागा दुसऱ्याला गेली. मी गप्प बसले. ज्या रजेने मला माझं मूल सांभाळू दिलं, तिचाच हिशेब माझ्यासमोर दुसरीच्या विरोधात मांडला गेला आणि मी मान हलवली.

१९२८ चं ते भाषण वाचलं तेव्हा ती खोली मला आठवली. ईएसआयमध्ये मालक आणि कामगार दोघं वर्गणी भरतात आणि बाळंतपणाचे पैसे त्या सामाईक निधीतून जातात. त्यामुळे एखाद्या मालकाला बाई ठेवली म्हणून वेगळा फटका बसत नाही. पण ही योजना महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी आहे. त्यावरच्या पगाराला प्रसूती लाभाचा कायदा लागतो आणि सगळे पैसे कंपनी देते. म्हणजे सरकार रजा वाढवतं आणि बिल कंपनीच्या टेबलावर ठेवतं. कंपनी ते अंगठी घातलेल्या मुलीकडे सरकवते. बाबासाहेबांनी सरकारचा मोठा वाटा मागितला होता, तो प्रश्न अजून तिथेच आहे.

आणि माझ्या आजीच्या बाबतीत तर बिल ठेवायला टेबलच नव्हतं. ती भाईंदरच्या मिठागरात टोपल्या वाहायची. माझ्या वडिलांच्या जन्मानंतर बाराव्याला उठली आणि त्याच महिन्यात टोपली डोक्यावर घेतली, असं ती सांगायची. तिचं नाव कुठल्या हजेरीपटावर नव्हतं, त्यामुळे तिला १९२९ चा कायदा पोचला नाही आणि १९६१ चाही नाही. पहाटेच्या लोकलने भाजीच्या, मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या आपल्या कित्येकांच्या आया-आज्यांचंही तेच. त्या राबल्या म्हणून आपण शाळेत बसलो. रजेचे कायदे झाले ते ज्यांना मालक आहे त्यांच्यासाठी, आणि आपल्या गावातल्या बहुतेक बायकांना मालकच नव्हता.

आपण सातवीत असताना आपल्या एक बाई अचानक काही महिने यायच्या बंद झाल्या. ऑफ तास मिळाला म्हणून आपण बाक वाजवले होते. परत आल्या तेव्हा त्या दमलेल्या दिसायच्या, मधल्या सुट्टीत घाईने घरी जाऊन यायच्या, आणि आपण त्यांच्या मागे हसायचो. बाई, तुम्ही हे वाचत असाल तर आमच्या वर्गातर्फे उशिराची माफी मागते.

त्या मुलाखतीतल्या मुलीला मी माफी मागू शकत नाही, तिचं नावही आता आठवत नाही. त्यानंतर दोनदा तसाच विषय निघाला. दोन्ही वेळा मी बोलले. एकदा माझं ऐकलं गेलं, एकदा नाही.